आवाज बंद करून

मखमलाबादच्या मळ्यात, झेंडू-शेवंतीच्या वाफ्यांत वाढलेला प्रफुल्ल नाशिकच्या कॉलेजात मीडिया शिकायला आला आणि पहिल्याच वर्षी वर्गातला कॅमेरावाला ठरला. मावसभावाच्या हाताखाली लग्नाची शूटिंगं करून तो तयार झालेला. उजेड कुठून घ्यायचा, कॅमेरा न हलवता कसं चालायचं, हे त्याला पुस्तकाआधीच ठाऊक. पोरं अडली की त्याच्याकडे यायची. त्यालाही ते आवडायचं.

शेवटच्या वर्षी मात्र पायल आडवी आली.

पायल अंबडची. तिचे वडील भिकन कारखान्यात प्रेस मशीनवर. वर्षानुवर्षांच्या धडधडीनं त्यांचे कान गेलेले. पायलनं त्यांच्यावर छोटी फिल्म केली, तीही साध्या मोबाइलवर. चित्र हलतंय, खिडकीचा उजेड मागून आल्यानं माणसांची तोंडं काळी. प्रफुल्लनं त्याच सुमारास आपल्या आईवर, छायावर, फिल्म केली होती. पहाटेचं धुकं, फुलांचे ढीग, सगळं कसं रेशमासारखं. वर्गात दोन्ही दाखवल्या. प्रफुल्लच्या फिल्मला टाळ्या पडल्या. पायलची संपली तेव्हा वर्ग इतका हेलावला होता की टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलंच नाही. तो फरक प्रफुल्लला झोंबला. त्या दिवसापासून पायल कँटीनमध्ये हसली तरी त्याला वाटायचं, आपल्यालाच हसतेय.

मनीषा मॅडमनी मग सांगितलं, "मार्क मी नंतर देईन. आधी आपली फिल्म तुम्हीच तपासा. कशी, ते तुमचं तुम्ही शोधा. फक्त 'मला आवडली' हे उत्तर चालणार नाही."

पोरांनी एकेक डोकं लढवलं. कुणी फिल्ममधली चित्रं छापून, पत्त्यांसारखी पिसून, चहावाल्याला क्रमानं लावायला दिली. कुणी पडद्याकडे पाठ करून बसलं आणि नुसते बघणाऱ्यांचे चेहरे बघितले. प्रफुल्लची जोडी नेमकी पायलशी लागली. त्यानं मनाशी हिशोब केला: हिची फिल्म म्हणजे नुसती घरातली बोलणी आणि भांडणं. बोलणं काढून घेतलं की उरतं काय? हलणारं चित्र!

"आवाज बंद करून दाखवू," तो म्हणाला. "तुझी मी माझ्या घरी दाखवतो, माझी तू तुझ्या घरी. मग विचारायचं, काय कळलं?"

"चालेल," पायल म्हणाली. "आमच्याकडे तसाही आवाजाचा उपयोग नाही." आणि ती हसली. प्रफुल्लला हसू आलं नाही.

दुपारी आई बाजारातून आल्यावर त्यानं तिला लॅपटॉपसमोर बसवलं. पायलची फिल्म दाखवण्याआधी आपली लावली; तुलना व्हायला हवी ना! आई थोडा वेळ बघत बसली. "फुलं लय झ्याक दिसत्यात," म्हणाली आणि दूध बघायला उठली.

"अगं, थांबवू का?"

"चालू दे की. मीच तर हाय त्यात. मला काय नवं बघायचं?"

मग त्यानं पायलची लावली, आवाज पूर्ण बंद. पडद्यावर जेवणाची पंगत. कुणीतरी काही बोललं, सगळे हसले. भिकननी आधी बायकोकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि मग हसले. आई पुढे सरकली.

"ह्याला ऐकू येत नाय, व्हय रे?"

प्रफुल्लनं मान डोलावली.

"सगळे हसले की मग हसतोय बघ बिचारा. कुणाला कळू नये म्हणून." तिनं पदर डोळ्यांना लावला. "पुन्हा लाव."

प्रफुल्लच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्ग तिचा झाला होता, ठीक, आता आईही? त्यानं चार्जिंग संपल्याचं सांगून लॅपटॉप मिटला. रागारागात बाहेर जाऊन शेवंतीच्या वाफ्याशी उभा राहिला, आणि तिथंच पायलचा फोन आला.

"काय म्हणाल्या काकू?"

"फारसं कळलं नाही तिला," प्रफुल्ल सरळ खोटं बोलला. "तुझ्याकडे?"

पायल जरा अडखळली. "बाबांना फुलं फार आवडली. पण ते विचारत होते, ही बाई कोण आणलीय? मॉडेल आहे का? हातात फुलं आहेत, पण मळ्यात काम करणारी वाटत नाही म्हणाले. रागावू नकोस हं."

रागावण्यासारखं होतंच. कारण ते खरं होतं. शूटिंगच्या दिवशी त्यानंच आईला लग्नातली साडी नेसवली होती. मातीचे हात धुवायला लावले होते.

वर्गात सांगायची पाळी आली तेव्हा तो खोटं सांगायच्या तयारीनंच उभा राहिला. पण समोर पायल होती, त्याचं 'फारसं कळलं नाही' खरं मानून मान खाली घालून बसलेली. तिचा तो पडलेला चेहरा बघायची त्याला किती हौस होती! आता समोर होता, तर बघवेना.

"माझ्या फिल्ममध्ये माझी आई नाही," तो म्हणाला. "एक सजवलेली बाई आहे. आणि पायलची फिल्म माझ्या आईला आवाजाशिवाय पूर्ण कळली. मी पायलला उलट सांगितलं होतं."

पायलनं मान वर केली. पण पुढचे दोन दिवस ती त्याला टाळत राहिली.

पुढे कॉलेजकडून एका स्पर्धेला पायलचीच फिल्म गेली. प्रफुल्लनं आपली नव्यानं करायला घेतली तेव्हा नाइलाजानं तिलाच विचारलं, "तुझे बाबा कॅमेरा विसरले कसे?"

"विसरले कुठे? मी त्यांच्याशी भांडत होते, मोबाइल हातात होता, तो चालू ठेवला."

एवढंच? आपण महिनाभर धुक्याची वाट पाहावी आणि हिला हे भांडता भांडता मिळावं? प्रफुल्लचा जळफळाट पुन्हा नव्यानं सुरू झाला. घरी आला तेव्हा आई पाठमोरी बसून सडकी फुलं निवडत होती, अंगावर जुनी साडी, तोंडानं मजुरांना शिव्या. त्यानं कॅमेरा काढला.

"परत आलास का?" आई ओरडली. "व्हय बाजूला, उजेड अडवू नको!"

तो बाजूला झाला, पण कॅमेरा बंद केला नाही.