झाडून काढलेली बाग

चिखलदऱ्याला माझ्या मामेभावाची कॉफीची बाग आहे. यंदा पावसाने पाठ फिरवली, तरी हा पठ्ठ्या रोज खराटा घेऊन झाडांखालची पानं काढतो. पर्यटक येतात म्हणे, बाग अंगणासारखी दिसायला हवी! उघडी माती उन्हाने खापरासारखी झालीय. तिच्यात मुंगीसुद्धा नाही. कुंपणापाशी टाकलेल्या पानांच्या ढिगात मी हात घातला, तर आत गारवा होता आणि वाणी, भुंगेरे, नावं माहीत नसलेले कितीतरी जीव दाटीवाटीने राहत होते. माती भुसभुशीत ठेवणाऱ्यांना आपणच हाकलतो आणि वर आभाळाला शिव्या देतो.

"बघ, तुझ्या बागेतले सगळे इथे आलेत," मी म्हणालो.

तो वाकला आणि दचकला. "बापरे, किती किडे! थांब, पावडर आणतो."