चार तारा राखीव

भिंतीवरच्या वायरीत काही दोष असेल, असं वायरमनकाकांना सांगायची घरात चोरी होती. कॉम्प्युटर बिघडला असेल, वीज कमीजास्त होत असेल, दुकानदाराने गळ्यात भलताच माल मारला असेल, हे सगळं काका शांतपणे ऐकून घेत. पण वायर? ती त्यांनी स्वतःच्या हातांनी टाकली होती. टेलिफोनच्या खात्यात त्यांची उभी हयात गेली. खांबावर चढून आणि रस्त्याकडेच्या खड्ड्यात उतरून त्यांनी हजारो जोड केले आणि त्यातला एकही तक्रार होऊन परत आला नाही, असं ते सांगत. एकही नाही म्हणजे जरा ताणलेलंच असणार. पण फार ताणलेलं नसावं, कारण निरोपाच्या दिवशी त्यांच्या साहेबांनीही तेच सांगितलं, आणि त्या साहेबांच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघणं म्हणजे दगडाला पाझर फुटण्यासारखं होतं.

तर ही वायर. खालच्या पुढच्या खोलीतून निघून जिन्याच्या कडेने ती वरच्या खोलीत जायची. वरून पांढरी पट्टी, पट्टी इतकी सरळ की भिंतच तिच्यापुढे वाकडी वाटावी. आल्यागेल्याला ती दाखवल्याशिवाय काकांना चैन पडत नसे. पाहुणा कप खाली ठेवतो न ठेवतो तोच काका म्हणत, "चला, जिना बघून घ्या." पाहुण्याला वाटे, जिन्यात काय बघायचं? दहा मिनिटांनी तो खाली येई तेव्हा पट्टीला किती अंतरावर खिळा मारावा याचं ज्ञान त्याला झालेलं असे आणि निघायची घाईही.

वायर टाकली होती लेकीसाठी. लेकीचा धंदा व्हिडिओ जुळवण्याचा. कोणा कारखान्याची माहिती, कोणा डॉक्टरांची व्याख्यानं, कोणा दुकानाची जाहिरात. कॅमेरावाले येऊन आपली कार्डं खाली देऊन जात. खाली मोठा कॉम्प्युटर होता, सगळा साठा त्याच्या पोटात. कार्ड घालायचं, आतलं सगळं उतरवून घ्यायचं, कार्डावर फुली मारून डब्यात टाकायचं, हे खातं काकूंकडे होतं. कॅमेरावाल्यांनी दोनदा उलट्या बाजूने कार्ड कोंबल्यापासून त्या कोणाला हात लावू देत नसत. लेक वरच्या खोलीत आपल्या कॉम्प्युटरवर बसून कापाकापी करी. म्हणजे खालचं सगळं वर जायचं ते काकांच्या वायरीतूनच.

आणि ते जाई रडतखडत. पडद्यावर वेगाचा आकडा दिसे, सेकंदाला अकरा एमबी. त्याच्या पुढे तो हटून बसे. एका व्याख्यानाची फाईल वर चढेपर्यंत लेकीचं जेवण होई, भांडी आवरून होत, तरी निळी रेघ आपली अर्ध्यावर.

"मीच पदराला बांधून वर नेऊन देते," काकू म्हणायच्या. "लवकर पोचेल."

काका या बोलण्याकडे लक्ष देत नसत. पण एका सोमवारी लेकीने जेवताना सांगितलं की बाजाराच्या रस्त्यावर तिने एक खोली पाहिली आहे. पुढे काम करायला जागा, मागे राहायचीही सोय. मालकाला शनिवारी उत्तर द्यायचं आहे.

"इथे काय कमी आहे?" काकांनी विचारलं.

"इथे फायली हलत नाहीत, बाबा. काम अडतं."

 नोकरी संपल्यापासून काकांचा सगळा दिवस त्या वरच्या खोलीच्या आधाराने चालला होता. डोक्यावर तिची खुर्ची सरकली की घरात कोणीतरी कामाला लागलंय असं त्यांना वाटे. दुपारी ती हाक मारी, "बाबा, जरा बघा, हा व्हिडिओ बरा की तो बरा?" आणि काका दोन्ही नीट बघून नेहमी पहिलाच बरा म्हणत. लेक घरात असते याचं त्यांना सुख होतं, आणि ते जाणार असं दिसताच त्यांनी कंबर कसली. शनिवारच्या आत आकडा हलवायचा. फायली हलल्या की खोलीचं कारणच उरणार नव्हतं.

पहिल्यांदा त्यांनी आपली घंटी काढली. वायरीच्या एका टोकाला ती लावायची, दुसऱ्या टोकाला तारा जोडायच्या. तार धड असेल तर घंटी वाजते. त्यांनी काकूंना वर उभं केलं. घंटी खणखणीत वाजली.

"ऐकलंस? वायर जिवंत आहे."

"ऐकलं," काकू म्हणाल्या. आणखी काही त्यांच्या ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

मग काकांनी दोन्ही कॉम्प्युटर ज्या डब्याला जोडतात तो डबा बदलून आणला. आकडा अकरा. भिंतीपासून कॉम्प्युटरपर्यंतचे आखूड तुकडे बदलले. अकरा. खालच्या कॉम्प्युटरमधली धूळ फुंकून काढली, तिने काकूंना शिंका आल्या आणि आकडा जागचा हलला नाही. दुकानदाराला फोन करून त्याला फैलावर घेतलं. तो बिचारा म्हणाला, "काका, वायर एकदा बघितलीत का?" त्यावर काकांनी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लेक जिन्यातून जातायेता हे बघत होती. "राहू द्या ना, बाबा," ती म्हणाली. "कशाला डोकं फोडून घेताय?"

"शुक्रवार उजाडलाय," काका म्हणाले. "राहू कसं देऊ?"

शेवटी त्यांना आपल्या खात्याची जुनी रीत आठवली. लांब लाइनीत बिघाड असला की ती मधे तोडायची आणि कुठली बाजू शुद्ध आहे ते आधी बघायचं. त्यांनी लेकीला विचारून वरचा कॉम्प्युटर खाली आणला, खालच्याच्या शेजारी टेबलावर ठेवला आणि दुकानातून तयार आलेल्या हातभर तुकड्याने दोन्ही एकमेकांना जोडले. भिंतीवरची वायर मधून बाद झाली. काकूंनी फाईल पाठवली आणि पाणी तापत ठेवायला वळल्या.

"अगं बाई, संपलं पण?" त्या दारातूनच म्हणाल्या.

आकडा शंभराच्या पुढे गेला होता.

काकांनी बोटांवर हिशोब केला. दोन्ही कॉम्प्युटर शुद्ध. डबा शुद्ध. तुकडे शुद्ध. उरलं काय ते सांगायला कोणी नको होतं. कानांच्या पाळ्या तापल्या, पण रीत म्हणजे रीत. त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि खालच्या भिंतीवरचं सॉकेट उघडलं.

आत सगळं जसं त्यांनी ठेवलं होतं तसंच होतं. केबलमध्ये आठ तारा, दोन दोनच्या चार जोड्या. त्यातल्या नारंगी आणि हिरव्या जोडीच्या चार तारा सॉकेटच्या दातांत घट्ट बसलेल्या. निळ्या आणि तपकिरी जोडीच्या चार तारा कुठेच जोडलेल्या नव्हत्या. त्या केबलभोवती गोल गुंडाळून, वर चिकटपट्टी लावून, लहान मुलीची वेणी घालावी तशा नीट ठेवल्या होत्या. वर जाऊन दुसरं टोक उघडायची गरज नव्हती. तिथेही असंच असणार हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते वर गेले आणि उघडून पाहिलं.

हे विसरून झालं नव्हतं, घाईगडबडीत तर नव्हतंच. कामावर लागले तेव्हा त्यांच्या वस्तादांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं: सगळ्या जोड्या कधी वापरायच्या नाहीत. अर्ध्या राखून ठेवायच्या. उद्या एक जोडी मेली तर पुढच्या माणसाला अख्खी केबल उपसावी लागू नये. टेलिफोनला एका बोलण्याला एक जोडी पुरते, म्हणून खात्यात हे बरोबरच होतं. पहिला कॉम्प्युटर घरात आला तेव्हाही दोन जोड्यांवर तो सुखाने चालला. सॉकेटच्या खोक्यावर आठही रंगांचं चित्र छापलेलं होतं, ते काकांनी पाहिलंही होतं. कंपन्या उधळ्या असतात, असं त्यांचं तेव्हा मत पडलं. नवे कॉम्प्युटर आठही तारा मिळाल्या तरच पूर्ण वेगाने धावतात, चारच मिळाल्या तर तक्रार न करता दहाव्या हिश्श्याने चालत राहतात. म्हणून घंटी वाजली. जोडलेल्या चारही तारा खरोखरच जिवंत होत्या.

काकांनी चिकटपट्टी सोडवली, राखीव तारा उलगडल्या, चित्र समोर धरून रंगाला रंग लावत आठही दाबून बसवल्या. दोन्ही टोकांना. मग कॉम्प्युटर परत वर नेला आणि फाईल पाठवली. शंभर आणि वर आठ.

त्यांनी लेकीला हाक मारली. ती जिन्यात आली, काकू खालच्या पायरीशी उभ्या राहिल्या.

"त्या खोलीवाल्याला नको म्हणून कळव," काका म्हणाले. "दोष वायरीतच होता. माझाच. चार तारा जोडल्याच नव्हत्या मी. आता बघ जाऊन आकडा."

लेक आकडा बघायला गेली नाही. तिने आईकडे पाहिलं. आईने तिच्याकडे पाहिलं आणि चटकन नजर वळवली. जन्मभर लाइनीतली बारीकशी खरखर ऐकत आलेल्या माणसाच्या नजरेतून हे सुटणार नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मागे तुम्ही डोळे तपासायला गेला होतात ना," लेक म्हणाली, "तेव्हा आम्ही पण दोन्ही कॉम्प्युटर टेबलावर लावून बघितले."

"टेबलाचा पाय मीच धरला होता," काकू म्हणाल्या. "डुगडुगतो तो."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार, बाबा? येईल त्याला तुम्ही ती पट्टी दाखवता."

काका भडकले. "म्हणून घर सोडायला निघालीस, पण बापाला सांगवेना? खात्यात माझ्या हाताखालची पोरं तोंडावर सांगायची, हा जोड कच्चा आहे म्हणून. मी काय कागदाचा आहे, भिजेन म्हणून जपायला? आठवडाभर घरभर नाचतोय मी, घंटी वाजवतोय, आणि तुम्ही दोघी मूग गिळून बघताय!"  वायर चुकली याचं त्यांना एवढं लागलं नव्हतं. ज्याला खरं सांगत नाहीत अशा म्हाताऱ्यांत आपली गणना झाली, हे लागलं. "यापुढे असेल ते तोंडावर सांगायचं. मला वाईट वाटलं तर वाटू दे. वाईट वाटून माणूस मरत नाही."

लेक पायरीवर बसली. ओढणीचं टोक तिने बोटाला गुंडाळलं.

"सांगू मग?"

"सांग."

"मला तरीही जायचंय, बाबा. वायर सुधारली तरी." ती त्यांच्याकडे न बघता बोलत होती. "फायलींचं मी निमित्त केलं. ते सांगायला सोपं होतं. मला माझी जागा हवी आहे. माझं दार, माझी किल्ली. तुमच्यावर राग आहे म्हणून नाही."

आत्ताच काढलेले शब्द परत घेता आले असते तर काकांनी घेतले असते. त्यांना वाईट वाटलं, सांगितलं होतं त्याहून फार जास्त वाटलं. वर खोलीत फाईल केव्हाच पोचली होती. काकूंनी तोंडाला पदर लावला होता. मग काका कठड्याला धरून सावकाश खाली बसले, लेकीच्याच पायरीवर.

"भिंती कशाच्या आहेत त्या खोलीच्या?" त्यांनी विचारलं.

"विटांच्या असाव्यात."

"असाव्यात काय? काँक्रीट असेल तर माझं ड्रिल नाही चालायचं. नीट विचारून सांग."

लेकीने नाक पुसलं आणि तिथेच बसून मालकाला फोन लावला. काकांनी उठून जायचं मनात आणलं, पण उठले नाहीत.

"हो, मी बोलतेय. खोली घेते मी, पक्कं," ती म्हणाली. "आणि एक विचारायचं होतं. भिंती विटांच्या आहेत की काँक्रीटच्या? माझे बाबा विचारतायत."