उजवीकडे वळताना

तळवलीच्या कान्हा पाटलाला गाडी चालवायची हौस दांडगी, आणि दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय अजिबात नाही. जमिनीचा मोबदला आला तेव्हा गावात जो तो घरावर मजले चढवू लागला; या गड्याने दोन सीटांची लाल स्पोर्ट्स कार घेतली, तीही जुनी. बायको सरस्वतीने कपाळाला हात लावला. पण आतून तिलाही वाटे, एकदा या गाडीतून सीवूड्सच्या बहिणीच्या दारात ऐटीत उतरावं.

तो दिवस लांबतच गेला. मग गाडी घरघरू लागली. शेजारी बसलेली सरस्वती म्हणाली, "अवो, उजवीकडं वलली का माज्या बाजूला गुरगुरतंय. मागच्या चाकात."

"तुला काय कलतं? गिअरबॉक्स गेलाय," कान्हाने तिला उडवून लावलं. या गाडीचा गिअरबॉक्स मिळणार कुठे? रुसून त्याने गाडीवर कव्हर घातलं आणि ती वर्षानुवर्षं अंगणात तशीच बसली. मेकॅनिकला दाखवायचंही नाव नाही. काय म्हणावं या माणसाला!

परवा मुलगा कुंदन वैतागला. "बाबा, नीट करा, नायतर भंगारात द्या." तेव्हा कुठे गाडी टो करून महाप्याला रूपेशच्या गॅरेजमध्ये गेली. रूपेशने ती लिफ्टवर घेतली आणि मागचं डावं चाक हाताने फिरवलं. खरखर आली.

"काका, उजवीकडे वळताना या बाजूचा आवाज वाढायचा ना? बेअरिंग गेलंय. गिअरबॉक्सला काय झालं नाय."

कान्हाचा चेहरा उतरला. रूपेशने मागची दोन्ही बेअरिंगं प्रेसवर दाबून काढली, नवी बसवली; इतकी वर्षं उभ्या गाडीला नवी बॅटरी घातली, ऑइल-पेट्रोल बदललं. दिवस मावळायच्या आत काम आटोपलं. एवढंसं काम!

घरी येताच कान्हा म्हणाला, "तुजंच खरं व्हतं. चाकच व्हतं. चल, सीवूड्सला जाऊ."

सरस्वती हरखली. ठेवणीतली साडी नेसून आली. दाराला धरून वाकली, पण सीट जमिनीपासून जेमतेम वीतभर. गुडघे निम्म्यातच अडले. कान्हाने हात दिला, तरी जमेना.

"ऱ्हाऊ द्या," ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली. "तवा वाकत व्हतं गुडघं. तुमी फेरी मारून या. आवाज गेला का बगा."

कान्हा एकटाच निघाला. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. नाक्यावर त्याने गाडी उजवीकडे वळवली. डावीकडून काहीच आवाज आला नाही.