मानवेलचा कोट

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमला मानवेल इतकी वर्षं असिस्टंट कोच होता, की तिथलं गवतसुद्धा त्याला ओळखत असेल. पोरांना पळवायचा तो, त्यांचे सुजलेले गुडघे चोळायचा तो, आणि मॅच जिंकली की फोटोत मधोमध उभा राहायचा हेड कोच रॉस.

चौऱ्याऐंशी साली रॉसने काम सोडलं. मानवेलची बायको डोरीन त्याला म्हणाली, "आता तरी जाऊन सांग त्यांना, ही जागा मला हवी म्हणून."

"आपणहून मागायचं? वसईला आमच्या बाबांना चर्चच्या कमिटीवर घ्यायला फादर स्वतः घरी आले होते. इथलेही येतील."

"येतील तर. मी बँडवाल्यांना सांगून ठेवते."

मानवेलने लग्नातला कोट इस्त्री केला. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आला तरी तो अंगावरून उतरवेना, कोण कधी येईल सांगता येत नाही म्हणून. डोरीनने पाहुण्यांसाठी केक केला, तो घरच्यांनीच संपवला. पुढच्या रविवारीही तेच.

मग एकदा खरंच बेल वाजली. दारात ग्रेग होता, टीमचा जुना गोलकीपर. बॉल धरायला त्याला मानवेलनेच शिकवलेलं.

"मेट, हेड कोच मला केलंय. तू काही बोललाच नाहीस, त्यांना वाटलं तुला नकोच आहे. असिस्टंट राहशील ना?"

"नो वरीज," मानवेल म्हणाला.

डोरीनने ग्रेगला केकचा मोठा तुकडा दिला आणि नवऱ्याकडे वळली.

"काढ आता कोट. घरी येऊन विचारलं ना तुला, झालं की मनासारखं."