उकळतंय, पण तापत नाही

माझा थोरला भाऊ तीस वर्षं एका वसतिगृहाच्या खानावळीत आचारी होता. दोनशे मुलं जेवायची, पण एकाही पोराने कधी नाक मुरडलं नाही. तो निवृत्त झाला तेव्हा मीच हात धुऊन मागे लागलो. उंच डोंगरात आमचं बोगद्याचं काम चालू होतं, मी तिथला मुकादम. म्हटलं, "दादा, चल वर. आमचा आचारी पळून गेलाय, चाळीस माणसं उपाशी मरतायत."

जीप भरताना त्याने आपला मोठा कुकर आणून ठेवला. मी तो खाली उतरवला. मला माझी लोखंडी खाट न्यायची होती ना, मेली ती खाट! वर म्हणालो, "तुझ्या हाताला कुकर कशाला? पातेल्यात शिजतं की."

वर पाणी चटकन उकळायचं, नुसतं खदखदायचं. पण हरभरे तीन-तीन तास ठेवले तरी दाताखाली कडाकडा वाजायचे. बटाटेसुद्धा आतून कच्चेच. "आचारीबुवा, उरलेले हरभरे सुरुंगात भरू का?" असं माणसं विचारायची, आणि दादा कसनुसं हसायचा. आठव्या दिवशी तो पातेल्याशी बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "हे पाणी उकळतंय रे, पण तापत नाहीये."

माझं डोकं फिरलं. भर जेवणात ओरडलो, "ऐका हो ऐका! उकळतंय, पण तापत नाही! दादा, हात गेला तुझा, कबूल कर की आता." सगळे पोट धरधरून हसले. दुसऱ्या दिवशी तो सामानाच्या गाडीतून खाली निघून गेला. मी त्याला अडवलंही नाही.

महिन्याभराने मोजणीसाठी एक इंजिनिअर बाई आल्या. त्यांनी खदखदत्या पातेल्यात तापमापक धरला. "शहाऐंशी. खाली शंभराला उकळतं. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं आणि त्यापुढे तापतच नाही. कुकर नाही का तुमच्याकडे? त्यात वाफ कोंडली की दाब वाढतो, मग शिजतं."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. गुपचूप कुकर मागवला आणि दादाच्या जागी आलेल्या आचाऱ्याच्या हाती दिला. हरभरे अर्ध्या तासात लोण्यासारखे मऊ! माणसं म्हणाली, "मुकादम, हा नवा आचारी झकास आहे." मी मूग गिळून गप्प बसलो. माझी इज्जत जाईल ना! लाज वाटते आता सांगताना.

काम संपल्यावर दादाकडे गेलो. वहिनी ओट्याशी होती, दादा बाहेर खुर्चीत. वहिनी हळूच म्हणाली, "आल्यापासून पातेल्याला हात लावलेला नाही त्यांनी. म्हणतात, हात गेला माझा."

मी दादाला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा असा काही उजळला! "तरी मला वाटलंच! तापतच नव्हतं ते!" मग पुढे सरसावून म्हणाला, "हे तिथे सांगितलंस ना? सगळ्यांसमोर?"

ती चाळीस माणसं कधीच चहूकडे पांगली होती. मी मान खाली घातली.

दादा खुर्चीत मागे टेकला. मग आत वळून म्हणाला, "याला वाढ गं काहीतरी. लांबून आलाय." स्वतः मात्र तो खुर्चीतून उठला नाही.