दाराचा एकच दांडा

लातूर जिल्हा झाला आणि गावाला एकाएकी शहर व्हायची घाई सुटली. एका व्यापाऱ्यानं शहरात बस फिरवायची ठरवली आणि तिची बॉडी बांधायचं काम गुरुबसप्पाकडं आलं. जन्मभर त्यानं ट्रकच बांधले होते. ट्रकात पोती चढतात, आणि पोत्यांना पाय नसतात. बसचं तसं नव्हतं.

दारावर त्याचा फार जीव. लग्नाला निघालेला असो की कोर्टात, माणसाचं उजवंच पाऊल आधी गाडीत पडलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. म्हणून चढणाऱ्याच्या डाव्या हाताला त्यानं एकच उभा दांडा बसवला. डाव्या हातानं धरलं की उजवा पाय आपसूक पुढं पडतो. मालक म्हणाला, दोन्हीकडं लाव.

"न्हाई. मग लोक डावं पाऊलबी टाकतील," गुरुबसप्पा म्हणाला, आणि गल्लीभर हे कौतुकानं सांगत फिरला.

त्या उन्हाळ्यात आड आटले. बाया बसनं गावाबाहेरच्या विहिरीवर जायच्या आणि भरली घागर घेऊन परतायच्या. घागर डाव्या कमरेवर, मोकळा तो उजवा हात. हे त्यानं रोज पाहिलं होतं. दार आखताना मात्र डोक्यात आलं नाही. शेजारच्या धुरपताबाईनं, आई गेल्यावर त्याला भाकरी घालून वाढवणाऱ्या बाईनं, चढताना उजवा हात पुढं केला. तिथं धरायला काहीच नव्हतं. ती घागरीसकट पडली आणि डावं मनगट मोडलं.

तो भेटायला गेला तर तीच त्याची समजूत घालायला लागली. "गाडीला बोल लावू नको रं. मीच डावं पाऊल आधी टाकलं. तू तर सांगितलं व्हतंस."

खरं ते ओठांवर आलं होतं. त्यानं चहाबरोबर गिळलं. घरी भाकरी गोड लागेना. सकाळी बायकोची घागर कमरेवर घेऊन तो बसच्या दारात चढून बघू लागला. कामगार हसले, त्याला हसू आलं नाही. त्याच दिवशी त्यानं उजवीकडं दुसरा दांडा बसवला.

मनगट वाकडंच जुळलं. धुरपताबाई पुन्हा विहिरीवर आली, तेव्हा गुरुबसप्पा मुद्दाम तिथं थांबला होता. डाव्या हाताला ताकद नव्हती, म्हणून घागर आता उजव्या कमरेवर. समोर बसच्या दाराला दोन दांडे, आणि तिला एकही धरता येईना.

"लई चांगला बसवलास," ती म्हणाली.

"मावशी, तुझं पाऊल चुकलं न्हाई. माझा दांडा चुकला व्हता."

"मंग इतके दिस त्या डाव्या पावलापायी मी उगाच महादेवापुढं नाक घासत राहिले व्हय?"

तिनं घागर त्याच्या हातात दिली, उजव्या हातानं नवा दांडा धरला आणि चढली. चढताना तिनं आठवणीनं उजवंच पाऊल आधी टाकलं.