इस्तंबूलला निघालेलं नाक

अन्याय माझ्यावर झाला. शुक्रवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, रियाधमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. अख्खं घर बिर्याणी खाऊन आडवं झालेलं असताना मंडळातल्या एका काकूंनी माझा हळदीकुंकवाचा फोटो टाकला. चेहरा माझा, नाक मात्र त्यांनी फोनमधल्या कुठल्याशा अ‍ॅपमध्ये घासूनपुसून बारीक केलेलं. खाली मजकूर : ‘बघा, एवढं केलं तर पोरगी कशी उजळते! इस्तंबूलला पाच दिवसांत करून देतात, हॉटेलसकट. कुणीतरी हिच्या आईला सांगा गं.’

हिची आई त्याच ग्रुपमध्ये आहे. मीही आहे.

चार वाजेपर्यंत त्या फोटोखाली लाल बदामांची रांग लागली. एका काकांनी तर ‘ही कोण? नवीन आल्यात का?’ असं विचारलं. हे काका मला मी दुसरीत असल्यापासून ओळखतात.

पुण्यात शिकायला होते तेव्हा मी तीन वर्षं पत्रकं लिहिली. हॉस्टेलचं दार साडेआठला बंद होतं त्याविरुद्ध एक, गोरं करणाऱ्या क्रीमविरुद्ध दोन. इथे परत आल्यावर वाटायला माणसं नाहीत, म्हणून मी पत्रकं फ्रीजवर लावते. वाचक तीन : आई, बाबा आणि दहावीतली धाकटी बहीण. त्या दुपारचं पत्रक असं होतं : ‘आमच्या नाकावर आमचाच हक्क! मंडळाच्या दडपशाहीचा धिक्कार असो!’

आई दूध काढायला आली, उभ्याउभ्या वाचलं आणि म्हणाली, “छान. म्हणजे जाणार नाहीस ना?”

“तसं कुठे लिहिलंय?”

आईने दूध ओट्यावर ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. मग मला खरं सांगावंच लागलं. आठवीपासून मी कुठल्याही फोटोत कडेला, उजवा गाल पुढे करून उभी राहते. क्रीमविरुद्धचं दुसरं पत्रक लिहिलं त्याच आठवड्यात मी इस्तंबूलच्या एका एजंटला माझे तीन बाजूंचे फोटो पाठवले होते. त्याचा नंबर फोनमध्ये ‘लायब्ररी’ या नावाने आहे. काकूंनी मला नवीन काहीच सांगितलेलं नव्हतं, आणि खरा संताप त्याचाच होता.

बाबा बँकेत आयटीत आहेत. त्यांनी सोफ्यावरून सगळं ऐकलं. आमच्या घरात निर्णय बोलून होत नाहीत. आधी एक्झिट री-एन्ट्री निघते, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत यायची परवानगी, आणि मग विचार सुरू होतो. मामाच्या लग्नाला जायचं की नाही यावर आई-बाबांचं भांडण चालू होतं तेव्हाही चौघांच्या परवानग्या काढून झालेल्या होत्या. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, बाबांच्या नावावर, त्यामुळे बटण दाबायचा अधिकारही त्यांचाच. शनिवारी सकाळी चहा पिता पिता त्यांनी सरकारी अ‍ॅप उघडलं आणि दाबलं.

बहीण त्यांच्या खांद्यावरून डोकावत होती. ती किंचाळली, “बाबा, ये तो फायनल एक्झिट है! ताई तो गई!”

फायनल एक्झिट म्हणजे खलास. सामान बांधा, परत येऊ नका. इथल्या प्रत्येक घरात या दोन शब्दांनी माणसं झोपेतून उठतात, आणि माझ्या जन्मदात्याने ते एका नाकापायी माझ्या नावावर चढवले होते.

“अरे देवा, बटणं इकडची तिकडे कशी गेली?”

“भाषा अरबी झालीय, बाबा! सगळं उलट दिसतं!”

बाबांना अरबी येत नाही, ते जागेवरून बटणं ओळखतात. पुढची दहा मिनिटं बहीण बाबांचा फोन घेऊन रद्द करायचं बटण शोधत होती. मग रद्द झाल्याचा मेसेज आला आणि बाबांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

“पण मला न विचारता काढायचंच कशाला?” मी ओरडले.

“तू हो म्हणालीस तर घाई नको म्हणून.”

“आणि नाही म्हणाले असते तर?”

“तर राहिलं असतं पडून. व्हिसा काय नासतो?”

आई म्हणाली, “ती तुझी लायब्ररी आहे ना, तिला फोन लाव.” आई ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे आणि कामावर असल्यासारखं बोलायला लागली की घरात कुणी उलट उत्तर देत नाही. मी लावला, स्पीकरवर.

“दसवें दिन नाक से खून आया, तो बच्ची को कौन देखेगा?” आईने विचारलं.

“मॅडम, हम व्हॉट्सअ‍ॅप पे हैं ना, चौबीस घंटे.”

“व्हॉट्सअ‍ॅप पट्टी बदलेगा?”

तिकडून फोन कट, आणि पाठोपाठ एका गुलाबाचं चित्र आलं.

“दुसऱ्याने कापलेलं नाक इथले डॉक्टर हातात घ्यायला कुरकुरतात,” आई म्हणाली. “मी बघते ना रोज.”

“म्हणजे तुझाही विरोध.”

“नाकाला नाही गं, पाच दिवसांना आहे. करायचं तर माझी रजा असेल तेव्हा कर, जिथे मला उशाशी बसता येईल तिथे. नको असेल तर नको. पण त्या काकूंसाठी करू नकोस, आणि त्यांच्या नाकावर टिच्चून न करणंही नको.”

तीन वर्षं पत्रकं लिहूनही हे वाक्य मला सुचलं नव्हतं. मी एजंटला ‘नको’ लिहिलं, त्याचा नंबर पुसला, आणि काकूंना ग्रुपवरच सांगितलं : तो फोटो काढून टाका, मी इस्तंबूलला जात नाही. फोटो गेला. पण लगेच अभिनंदनं सुरू झाली. ‘शाब्बास! देवाने दिलं ते स्वीकारलंस!’ ‘अशी हवी आजची मुलगी!’ पुन्हा बदाम, पुन्हा रांग.

मी काहीही स्वीकारलेलं नाही. इस्तंबूल रद्द झालंय, नाकाचं अजून ठरायचंय, आणि आईची रजा हिवाळ्यात आहे. तेव्हा वाचक हो, तुमच्याकडे मागणी एकच. मी भेटले तर माझ्या नोकरीचं विचारा, उन्हाचं बोला, चहा पाजा. माझ्या चेहऱ्याला नावं ठेवू नका आणि शाब्बासकीही देऊ नका. माझं ठरेपर्यंत गप्प बसा, आणि ठरल्यावरही.